विहिरीतून समुद्रात: एका खान्देशी स्कुबा प्रशिक्षिकेला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर, लग्नात, एसटीत आणि जळगावच्या तलावाच्या काठावर मला तेच तेच प्रश्न येतात. मी स्कुबा शिकवते, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहणं. म्हणून एकदाच लिहून ठेवते. फोन करण्याआधी एवढं वाचलंत तर तुमचा आणि माझा दोघांचा वेळ वाचेल.

तुम्ही चोपड्याकडच्या. तिकडून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. मग या धंद्यात पडलात कशा?

पडले नाही, ढकलली गेले. थोरल्या चुलतभावाने आमच्या मळ्यातल्या विहिरीत ढकललं, तेव्हा मी सात वर्षांची होते. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधलेला, दोरीचं टोक त्याच्या हातात. आठ दिवसांनी डबा सुटला. महिन्याभरात मी कठड्यावरून सूर मारायला लागले. आजी वरून ओरडायची, "पानीना भरोसा धरू नको, माय!" तिचं ते वाक्य मी आजही प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी ऐकवते. भाषांतर करावं लागत नाही.

आमच्या विहिरीला तेव्हा तीन परस, म्हणजे साधारण अठरा फूट, पाणी असायचं. खेळ एकच: तळाला जायचं आणि मूठभर गाळ वर आणून दाखवायचा. गाळ नाही आणला तर गेलाच नाहीस, असा नियम. मी आणायचे. पुढे बी.एस्सी. करताना जळगावच्या तलावावर लहान मुलींना पोहायला शिकवू लागले आणि 2011 साली कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर मालवणला गेले. तिथे आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला आणि त्याच दिवशी त्याच्या खालीही गेले. तो अनुभव वाईट होता. का, ते पुढे सांगते.

विहिरीत पोहणाऱ्याला स्कुबा सोपं जात असेल ना?

उलट. माझा सगळ्यात अवघड विद्यार्थी म्हणजे विहिरीत पोहून तयार झालेला पोरगा. पोहता न येणाऱ्या माणसाला मी काय सांगते ते तो ऐकतो. हा ऐकत नाही, कारण त्याला येतं.

विहिरीत आपण काय शिकतो? दम धरायला. वर छाती भरून हवा घ्यायची, तोंड मिटायचं, बुडी मारायची. स्कुबाचा पहिला नियम याच्या बरोब्बर उलटा आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. हळू घ्या, हळू सोडा, पण चालू ठेवा. माझ्या वर्गात "दम धरा" हे शब्द वापरायला बंदी आहे, धीर धरा या अर्थानेसुद्धा. पाण्याखाली माणूस अर्थ शोधत बसत नाही, शब्द ऐकलेला असतो तसं करतो.

कारण साधं आहे. समुद्रात दर 10 मीटरला एक वातावरण एवढा दाब वाढतो. म्हणजे पाण्याबाहेर 1, तर 10 मीटरवर 2, 20 मीटरवर 3. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं. हा बॉइलचा नियम आपण शाळेत पाठ केला आणि विसरलो. आता विहीर बघा. हवा तुम्ही वर घेतली, खाली जाताना ती छातीत आक्रसली, वर येताना पुन्हा होती तेवढी झाली. काही बिघडलं नाही. स्कुबात मात्र हवा तुम्ही खालीच घेता, आजूबाजूच्या दाबाइतक्या दाबाची. 10 मीटरवर छाती भरली, तोंड मिटलं आणि तसेच वर आलात, तर ती हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट व्हायला बघणार. छाती काही दुप्पट होत नाही. फुप्फुस फाटू शकतं आणि हवेचा बुडबुडा रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी फार खोलही जावं लागत नाही. पूर्ण भरलेल्या छातीला दीड मीटर पाणीही पुरतं, म्हणजे पोहण्याच्या तलावाची खोल बाजू.

पारोळ्याकडचा एक मुलगा होता. अंगाने कुस्तीगीर, नदीत, विहिरीत वाढलेला. तलावातले सगळे सराव त्याने हसतहसत केले. मालवणला 6 मीटरवर त्याच्या मास्कमध्ये थोडं पाणी गेलं. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. प्रशिक्षक विद्यार्थ्याच्या तोंडाकडे बघत नाही, बुडबुड्यांकडे बघतो. त्याचे बुडबुडे थांबले. डोळे मोठे झाले, गुडघे पोटाशी आले. विहिरीच्या तळाला पाय मारून वर उसळण्याआधी आपण जसे आक्रसतो, अगदी तसे. मी त्याच्या जॅकेटचा पट्टा धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं माझ्या तोंडापासून लांब नेत राहिले, म्हणजे सोड, सोड, सोड. तीन-चार सेकंद गेले असतील. मग एकदम भसाभस बुडबुडे आले. वर आल्यावर तो म्हणाला, "ताई, मी काहीच केलं नाही, अंगानेच केलं." बरोबर बोलला. शिकवायचं असतं ते अंगालाच.

तुमचं शिक्षण काय? सर्टिफिकेट कोणाचं?

पाडीचं. गावात हे सांगितलं तर एका काकांनी विचारलं, "सातपुड्यातला कुठला पाडा?" ही अमेरिकेत 1966 साली सुरू झालेली, डायव्हिंगचं प्रशिक्षण ठरवणारी संस्था आहे. एसएसआय, सीमास अशा आणखीही आहेत आणि त्यांचीही कार्डं जगभर चालतात. संस्थेपेक्षा शिकवणारा माणूस बघा, हे माझं मत.

पायऱ्या अशा: ओपन वॉटर (18 मीटरपर्यंत), अॅडव्हान्स्ड (30 मीटर), मग रेस्क्यू, मग डाइव्हमास्टर. डाइव्हमास्टर हा धंद्यातला पहिला पाय. त्याला वय 18 पूर्ण लागतं आणि 400 मीटर पोहणं, 15 मिनिटं जागच्या जागी तरंगणं, दमलेल्या डायव्हरला 100 मीटर ओढत आणणं अशा चाचण्या असतात. त्यानंतर प्रशिक्षकाचा कोर्स आणि परीक्षा. परीक्षेला बसायला किमान 100 डाइव्ह लॉगबुकात नोंदवलेल्या हव्यात.

मी रेस्क्यूपर्यंत कोकणात शिकले आणि डाइव्हमास्टर झाले अंदमानात. हॅवलॉक बेटावर, ज्याचं नाव 2018 पासून स्वराज द्वीप आहे. दोन सीझन तिथे सिलिंडर उचलले, गिअर धुतला, पर्यटकांना बोटीच्या शिडीवरून चढवलं-उतरवलं. प्रशिक्षकाची परीक्षा 2016 साली थायलंडच्या कोह ताओला दिली. पाच विषयांचा पेपर असतो: भौतिकशास्त्र, शरीरक्रिया, उपकरणं, कौशल्यं आणि पर्यावरण, डीकम्प्रेशनचा, म्हणजे वर येताना कमी होणाऱ्या दाबाचा, सिद्धांत. प्रत्येकात 75 टक्के लागतात. बारावीला फिजिक्समध्ये जेमतेम सुटलेली मी, इथे पहिल्या फटक्यात सुटले. अडकले ती शिकवण्याच्या चाचणीत. परीक्षक विद्यार्थी बनलेल्या उमेदवाराला गुपचूप एक चूक करायला सांगतो आणि ती तुम्ही पकडायची असते. समोरच्याने एक पाऊल आधीच श्वास घ्यायची नळी तोंडातून काढली आणि मी माझं पाठ केलेलं इंग्रजी आठवत बसले. चूक निसटली. ती चाचणी पुन्हा द्यावी लागली. त्या दिवसापासून मी वर्गात बोलते कमी आणि बघते जास्त.

किती डाइव्ह झाल्या? किती खोल गेलात?

लॉगबुकात 1100 च्या वर. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर केळीच्या चिकाचा काळपट डाग आहे, कारण ती वही मी मळ्यात बसून भरली होती आणि चीक काही केल्या जात नाही.

खोलीचा आकडा विचारणाऱ्यांना मी परसात उत्तर देते. हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा 40 मीटर, म्हणजे अंदाजे बावीस परस. मी तिथवर गेले आहे. 30 मीटरनंतर नायट्रोजनची झिंग चढायला लागते, भांग प्यायल्यासारखं डोकं हलकं होतं आणि साध्या गोष्टींचं हसू येतं. दाखवण्यासारखं तिथे फार काही नसतं. रंग, मासे, प्रवाळ सगळं वरच्या 15 मीटरमध्ये. खोलीवरून प्रशिक्षकाची किंमत करू नका.

मला पोहता येत नाही. चालेल का?

एकदा अनुभव म्हणून खाली जायला चालतं. त्यात प्रशिक्षक तुम्हाला धरून असतो आणि 12 मीटरच्या खाली नेत नाही. पण कार्ड हवं असेल तर 200 मीटर न थांबता पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं यायलाच हवं. वेळेची अट नाही, कुठल्याही पद्धतीने पोहा. कार्ड मिळण्याचं किमान वय 10 वर्षं.

कान फुटतात म्हणे?

काळजी घेतली नाही तर दुखतात, आणि हट्ट केला तर पडदा फाटूही शकतो. कसारा घाट उतरताना कानाला दडे बसतात ना? तेच इथे पहिल्या दोन-तीन मीटरमध्ये होतं, जास्त जोरात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, आणि दुखायच्या आधी फुंकायचं. दुखल्यावर फुंकून उपयोग नसतो, मग मीटरभर वर यायचं. सर्दी असेल तर डाइव्ह नाही. गोळी घेऊन जाते म्हणणाऱ्यांनाही नाही, कारण गोळीचा असर खालीच उतरला तर वर येताना अडचण.

दमा, बीपी, साखर असेल तर?

फॉर्ममध्ये खरं लिहा. "हो" लिहिलंत तर डॉक्टरची सही आणा. गरोदरपणात अजिबात नाही. एवढंच.

ऑक्सिजनचं सिलिंडर किती वेळ पुरतं?

ऑक्सिजनचं नसतंच ते. सिलिंडरमध्ये साधी हवा असते, आपण आत्ता घेतोय तीच, गाळून, कोरडी करून दाबून भरलेली: 21 टक्के ऑक्सिजन, बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. नुसता ऑक्सिजन 6 मीटरच्या खाली विषारी ठरू लागतो आणि झटके येऊ शकतात. हा गैरसमज बातम्यांमधूनही रोज छापून येतो, म्हणून जरा चिडून लिहिते आहे.

हिशोब सांगते. साधारण 11 लिटरचा सिलिंडर, 200 बार दाबाने भरलेला, म्हणजे सुमारे 2200 लिटर हवा. त्यातले 50 बार राखून ठेवायचे, उरली 1650. शांत माणूस वर मिनिटाला 20 लिटर घेतो असं धरा, तर 10 मीटरवर दाब दुप्पट म्हणून 40 लिटर. झाली चाळीस मिनिटं. घाबरलेला माणूस हाच सिलिंडर वीस मिनिटांत संपवतो.

हतनूरला किंवा गिरणा धरणात का नाही शिकवत? मालवणला कशाला न्यायचं?

तापीच्या पाण्यात गाळ एवढा की हाताची बोटं दिसत नाहीत. दिसत नसेल तर मी विद्यार्थ्याचे बुडबुडे कसे बघणार? शिवाय धरणाला दरवाजे असतात, पाणी ओढणारे पाईप असतात आणि जलसंपदा खात्याची परवानगी लागते. वर्ग जळगावात, सराव तलावात, समुद्रातल्या चार डाइव्ह मालवण-तारकर्लीला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे खडक नव्यांना छान आहेत आणि तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्रही आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. पावसाळ्यात बंद.

जायला निझामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला एक्सप्रेस भुसावळ, जळगाव करत थेट कोकण रेल्वेवर उतरते. तिचं तिकीट मिळालं तर गाडी बदलायची कटकट नाही. येताना मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. सकाळी डाइव्ह करून संध्याकाळच्या गाडीने घाट चढायचा नाही. डाइव्हमध्ये शरीरात नायट्रोजन मुरलेला असतो, तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. उंचीवर गेलात की बाहेरचा दाब कमी होतो आणि सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे धरू शकतात. अनेक डाइव्ह झाल्यावर विमानासाठी किमान 18 तास थांबायचा नियम आहे. तोच मी घाटालाही लावते, कारण कोकणातून देशावर चढलं की 500-600 मीटर आलेच आणि मुंबईमार्गे आलात तरी इगतपुरी आहेच. म्हणून माझी बॅच शेवटच्या दिवशी पाण्यात उतरत नाही, मालवणच्या बाजारात खाजं घेत फिरते.

आमच्या विहिरीत मोटर पडली आहे. काढून द्याल का?

आठवड्याला एक तरी फोन असतो. गावात माझं नावच "पाणबुडी" पडलंय, त्यामुळे हे होणारच. उत्तर: नाही. मी हौशी डायव्हिंगची प्रशिक्षिका आहे, विहिरीतल्या कामाचं प्रशिक्षण वेगळं असतं. तिथे वायर, दोर, कपारी, वरून सुटणारे दगड.

गंमत म्हणजे प्रशिक्षकाच्या फिजिक्सच्या पेपरात हाच प्रश्न येतो, फक्त मोटरच्या जागी नांगर असतो. 60 किलोची वस्तू, ती 12 लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे विहिरीच्या गोड्या पाण्यात तिचं वजन 48 किलोच भरतं. तिला 48 लिटर हवा भरलेली पिशवी बांधली की ती तरंगायला येते. गणित तुम्हाला दिलं, पण आत उतरू नका. आणि बरीच वर्षं बंद असलेल्या, उपसलेल्या विहिरीत तर अजिबातच नको. तळाला प्राणवायू कमी असतो, पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. हे आपल्याकडे दर उन्हाळ्यात घडतं.

कोणी बुडालं असेल तर?

असे फोनही येतात, बहुतेक रडत. त्यांना मी सांगते: आधी 112, तहसीलदारांना कळवा, धुळ्याला एसडीआरएफची (राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची) तुकडी आहे, ती त्यांच्यामार्फत येते. मी एकदा गेले होते, नात्यातलं प्रकरण होतं, आणि हातांनी चाचपडत शोधलं होतं. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

बायकांना शिकवता का? कपडे कसले घालावे लागतात?

अर्ध्याअधिक बॅच बायकांचीच असते. वेटसूट मनगटापासून घोट्यापर्यंत असतो, साडीपेक्षा जास्त अंग झाकतो. हे सांगितलं की सासरे मंडळी गप्प होतात. पाळीत डाइव्ह करता येते, शार्क येत नाहीत. मालवणला घाबरावं असे शार्क दिसतही नाहीत. मंगळसूत्र वर काढून ठेवा, ते मास्कच्या पट्ट्यात अडकतं. कुंकू राहू द्या. खाली बघण्यासारखं असतं ते: पाणी लाल रंग आधी गिळतं, त्यामुळे 10 मीटरवर कुंकू काळपट दिसतं आणि हिरव्या बांगड्या मात्र हिरव्याच राहतात. फैजपूरच्या एक काकू, वय 58, खाली गुडघ्यावर बसून नुसती मनगटं फिरवत बांगड्या बघत राहिल्या होत्या. मासे मागून गेले, त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

चांगला प्रशिक्षक कसा ओळखायचा?

माझी 2011 ची पहिली डाइव्ह सांगते, त्यातच उत्तर आहे. बोटीवर एका माणसाने तोंडात नळी दिली, "नाकाने श्वास घेऊ नका" एवढं सांगितलं आणि मानेमागचं व्हॉल्व्ह धरून खाली दाबलं. कानाचं कोणी बोललंच नव्हतं. दुखायला लागल्यावर मी अंगठा वर केला, मला म्हणायचं होतं "वर न्या". त्या खुणेचा अर्थ खरंच तोच आहे. त्याला वाटलं "मस्त" म्हणतेय, त्याने माझा फोटो काढला. मला कळत नव्हतं पण माझी खूण बरोबर होती, त्याची चूक. पुढे आठवडाभर एका कानाने ऐकू कमी येत होतं. माझा फोटो छान आलाय.

तेव्हा विचारा: पाण्यात उतरण्याआधी खुणा शिकवणार का? वैद्यकीय फॉर्म भरून घेणार का? एका प्रशिक्षकामागे किती जण? पाडीचा प्रशिक्षक असेल तर त्याचा क्रमांक मागा, त्यांच्या वेबसाइटवर टाकला की तो सध्या शिकवायला पात्र आहे का ते दिसतं. क्रमांक मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याबरोबर जाऊ नका. माझा मागा, मी चिडणार नाही.

माझ्या मुलाला प्रशिक्षक व्हायचंय. पैसा आहे का यात?

शिकायला लाखांच्या घरात खर्च येतो, आणि सुरुवातीची दोन वर्षं पगार दुकानातल्या नोकरीएवढा. सीझन आठ महिन्यांचा. उरलेल्या चार महिन्यांत मी तलावावर शिकवते आणि भावाला केळीच्या हिशोबात मदत करते. पाठ दुखते, कान कायम ओले, केस गवतासारखे होतात. त्याला तरी यायचं असेल तर आधी डाइव्हमास्टरपर्यंत येऊ द्या आणि दोन महिने नुसते सिलिंडर वाहू द्या. मग विचारा.

डाइव्हच्या आदल्या रात्री काय खावं?

शेवभाजी नको. बोट हलते. सांगूनही ऐकत नाहीत, धरणगावच्या एका ग्रुपने डब्यातून नेली होती. माशांनी कौतुक केलं.

पुढची बॅच कधी?

तलावातला सराव ऑक्टोबरपासून दर रविवारी सकाळी 6 वाजता. मालवण डिसेंबर आणि जानेवारीत. एका वेळी चारच जण घेते, नातेवाईक असलात तरी. टॉवेल, ओळखपत्र आणि भरलेला वैद्यकीय फॉर्म आणा. पाठीला बांधायला डबा आणायची गरज नाही. गेल्या वर्षी एकाने खरंच आणला होता, दोरीसकट, आणि दोरी बघूनच मी ओळखलं की हा विहिरीतला आहे, याच्यावर जरा जास्त लक्ष ठेवावं लागेल.